जे दुःख गाण्यात आले आणि जे राहून गेले

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यात कुरुंदा नावाचे गाव आहे. हळद, कापूस, सोयाबीन पिकवणारे, मराठवाड्यातल्या कुठल्याही मोठ्या गावासारखे. जुलै २०२२ मध्ये इथल्या घराघरात पुराचे पाणी शिरले, तेव्हा दोन-चार दिवस ते बातम्यांत होते. पण पुस्तके वाचणाऱ्या मराठी माणसाला हे नाव त्याआधीच ठाऊक असते, एका आडनावामुळे. नरहर कुरुंदकर. ते नांदेडच्या प्रतिभा निकेतन शाळेत शिकवत, पुढे पीपल्स कॉलेजात आले आणि तिथलेच प्राचार्य झाले. १९८२ साली गेले तेव्हा त्यांनी पन्नाशीही गाठली नव्हती.

कुरुंदकर म्हटले की राजकारणावरची, इतिहासावरची त्यांची रोखठोक मते आठवतात. मुस्लिम समाजाविषयीची त्यांची सगळीच मते आपल्या वाचकांना पटतील असे नाही, आम्हालाही पटत नाहीत. तो वाद इथे काढायचा नाही. आज आम्हाला त्यांचे वेगळे पुस्तक आठवते आहे. आय. ए. रिचर्ड्स या इंग्रज समीक्षकाच्या कलाविचारावर कुरुंदकरांनी मराठीत पुस्तक लिहिले. भरताच्या नाट्यशास्त्राचाही त्यांनी मोठा अभ्यास केला. दोन देश, दोन काळ, पण दोन्हीकडे एक प्रश्न सारखा आहे आणि तो आपल्या घरातलाच आहे. दुःखाची गोष्ट माणूस पुन्हा पुन्हा का ऐकतो? ज्या प्रसंगाने काळीज फाटते, तोच प्रसंग गाण्यात आला की ऐकणारा उठून का जात नाही? आणि ऐकून झाल्यावर हलका का होतो?

रिचर्ड्स याचे उत्तर असे देतो. दुसऱ्याचे दुःख पाहिले की मनात दोन ओढी एकदम उठतात. करुणा म्हणते, जवळ जा. भीती म्हणते, लांब पळ. रोजच्या जगण्यात यांतली एक जिंकते. आपण धावून तरी जातो, नाहीतर दार लावून तरी घेतो. चांगली शोकांतिका मात्र दोन्ही ओढी एकाच वेळी जाग्या ठेवते आणि त्यांचा तोल साधते. त्या तोलातून जे स्थैर्य येते, त्यालाच आपण बळ म्हणतो. हे वाचायला अवघड वाटेल, पण मोहर्रमच्या दिवसांत मर्सिया ऐकलेल्या कुठल्याही दादीला समजावून सांगावे लागणार नाही.

मराठवाड्यातला मोहर्रम हा केवळ मुसलमानांचा नव्हता. गावोगाव सवाऱ्या बसत, अलावा खणला जाई, घरात चोंगे आणि शरबत होई. सवारी धरणारा किंवा नवस बोलणारा पुष्कळदा मराठा, माळी, धनगर असे. पलीकडे कर्नाटकाच्या सीमेवरच्या गावांत आजही रिवायत पदे म्हणतात. कर्बलेची कथा, पण कन्नडमध्ये, आणि म्हणणाऱ्यांत हिंदू-मुसलमान दोन्ही. या प्रथांपैकी काय शरीअतला धरून आहे आणि काय नाही, यावर आपल्यात मतभेद आहेत आणि ते आम्ही जाणून आहोत. आम्हाला इथे एवढेच पाहायचे आहे की हजार-बाराशे कोसांवरची, तेराशे वर्षांपूर्वीची एक लढाई या काळ्या मातीतल्या माणसाला आपली का वाटली.

हिजरी ६१, मोहर्रमची १० तारीख. इमाम हुसैन (रजि.) आणि त्यांचे मूठभर सोबती. संख्या ७२ सांगितली जाते. समोर फौज, बाजूला फुरात नदी आणि तिचे पाणी बंद. लढाई म्हणून पाहिली तर एका दिवसात संपलेली. युद्धशास्त्राच्या पुस्तकात तिला दोन ओळीही मिळणार नाहीत. पण मर्सियाची घडण पाहा. उर्दूतल्या पूर्ण मर्सियाचे ठरलेले भाग असतात. आधी चेहरा म्हणजे प्रस्तावना, मग सरापा म्हणजे वीराचे वर्णन, मग रुखसत, मग आमद, रजझ, जंग, शहादत आणि शेवटी बैन. यात जंग हा एकच भाग. रुखसत म्हणजे घरच्यांचा निरोप. तंबूच्या दारात बहीण उभी आहे, मूल पाणी मागते आहे, आई मुलाची जिरह नीट करते आहे. बैन म्हणजे मागे उरलेल्यांचा विलाप. म्हणजे युद्धाच्या आधी घर आहे आणि युद्धानंतरही घरच आहे. मर्सिया लिहिणाऱ्यांनी तलवारीचे वर्णन कमी केले असे नाही. मीर अनीस यांच्या मर्सियात घोडा आणि तलवार अशी काही चालतात की ऐकणारा श्वास रोखून धरतो. पण लोक रडतात ते रुखसतीला.

आणि या कथेत शेवटपर्यंत उभी राहते ती एक स्त्री. हजरत जैनब (रजि.). भाऊ गेला, मुले गेली, डोक्यावरची चादर गेली, कैदी होऊन आधी कुफा आणि मग दमिश्क. तिथे भर दरबारात त्या बोलल्या. कर्बलेची गोष्ट आज आपल्याला ठाऊक आहे ती मुळात त्यांच्या बोलण्यामुळे. वैयक्तिक धैर्याची उदाहरणे शोधायला आपण फार लांब जातो, म्हणून मुद्दाम सांगितले.

दख्खनशी या काव्याचे नाते जुने आहे. गोवळकोंड्याच्या मुहम्मद कुली कुतुबशाहने चारशे वर्षांपूर्वी दखनीत मर्सिये लिहिले. हैदराबादचे बादशाही आशूरखाना त्यानेच बांधले. लखनौचे मीर अनीस म्हातारपणी, १८७१ साली, हैदराबादला येऊन मर्सिया वाचून गेले. आणि अगदी अलीकडचे उदाहरण आपल्या औरंगाबादचे. इथले वहीद अख्तर पुढे अलीगढला तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले. त्यांनी विसाव्या शतकात पुन्हा मर्सिया हाती घेतला, तो आजच्या माणसाच्या एकटेपणाबद्दल आणि आजच्या जुलमाबद्दल बोलण्यासाठी. मर्सिया पढण्याच्या दोन रीती आहेत. एक तहत-उल-लफ्ज, म्हणजे चालीशिवाय, नुसत्या आवाजाच्या चढउतारावर. दुसरी सोज, म्हणजे रागात, पण वाद्याशिवाय. संगीताच्या हलाल-हराम वादात अडकलेल्या आपल्या काही बंधूंना हे ऐकून बरे वाटेल की दख्खनच्या आशूरखान्यांतला सर्वांत हृदय पिळवटणारा आवाज वाद्यावाचूनच निघत आला आहे.

इथे एक प्रश्न आमच्याकडे नेहमी येतो. बहुतेक वेळा तो बायकाच विचारतात. रडणे हे सब्रच्या विरुद्ध नाही का? मयतीच्या घरी एखादी बाई मोठ्याने रडली की लगेच कोणी तरी तिला दटावते, म्हणून हा प्रश्न.

अरबी साहित्यात अल-खन्सा नावाची कवयित्री होऊन गेली. टोळ्यांच्या लढायांत तिचे दोन भाऊ मारले गेले, मुआविया आणि सखर. सखरवर तिने जे शोककाव्य रचले, ते आजही अरबीतले सर्वोत्तम शोककाव्य मानतात. पुढे ती आपल्या टोळीबरोबर मदीनेला आली आणि तिने इस्लाम स्वीकारला. रिवायत अशी आहे की कादिसियाच्या लढाईत तिचे चार मुलगे शहीद झाले आणि बातमी आली तेव्हा तिने अल्लाहचे आभार मानले. आपल्याकडे वाज करणारे हा उत्तरार्ध तेवढा सांगतात आणि समोर बसलेल्या आयांना म्हणतात, बघा, अशी असते मोमिन स्त्री! पूर्वार्ध कोणी सांगत नाही. आम्हाला वाटते, जिने भावांसाठी वर्षानुवर्षे मनसोक्त रडून घेतले, दुःखाला शब्द दिले, शब्दांना वजन दिले, तीच पुढे तो दुसरा घाव सोसू शकली. स्वतः प्रेषितांच्या (स.) डोळ्यांत मुलगा इब्राहीम गेला तेव्हा पाणी आले होते. हजरत याकूब (अलै.) यांचे डोळे मुलाच्या दुःखाने पांढरे झाले असे कुरआनमध्येच आहे आणि त्याच सूरेत त्यांच्या तोंडी सुंदर सब्रची गोष्टही आहे. दोन्ही एकाच माणसाबद्दल, एकाच सूरेत.

आता जात्याकडे येऊ.

जात्यावरच्या ओव्या म्हटल्या की हिंदू घरातली बाई डोळ्यांसमोर येते, पण दळण तर सगळ्यांच्याच घरी होते. बिजापूरच्या सूफींनी सतराव्या शतकात दखनीत चक्कीनामे लिहिले, चरखानामे लिहिले. बायका जाते ओढताना म्हणतील अशाच लयीत. जात्याचा खुंटा, त्याचे फिरणे, पिठाचे बारीक होणे, सगळ्याला अल्लाहच्या आठवणीचा अर्थ दिलेला. मौलवींच्या ग्रंथांपेक्षा या चक्कीनाम्यांनी दीन घरात अधिक नेला असेल. आणि याच बायकांना शेजारणींच्या मराठी ओव्याही येत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी ऐंशीच्या दशकापासून गावोगाव हिंडून ओव्या गोळा केल्या. तो साठा लाखावर गेला आहे आणि त्यात दुष्काळ, सासुरवास, बाळंतपणातले मरण, दारुडा नवरा, सगळे आहे. ओवी ऐकणारा माणूस नसतो, ऐकणारे जाते असते. म्हणून तिथे खोटे बोलावे लागत नाही.

असे एक जाते बार्शीला फिरत होते. ओढणारीचे नाव मुनेरबी. तिचा मुलगा महबूब हुसेन पटेल, जन्म २० ऑक्टोबर १९१६. आईच्या ओव्या ऐकत तो वाढला आणि गाण्याचा वारसा आपल्याला तिच्याकडून मिळाला असे सांगत राहिला. घरची गरिबी, हाताला मिळेल ते काम, मोटारीवर, गिरणीत. स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंग. पुढे महाराष्ट्र त्याला शाहीर अमर शेख या नावाने ओळखू लागला.

१९४४ साली अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांनी मिळून लाल बावटा कलापथक उभे केले. एक मुसलमान, एक मातंग, तिसरा कोकणातला. तिघांच्या मागे ना पैसा ना घराणे. अण्णाभाऊंची शाळा तर दीड दिवसाची. पण जग पेटले होते आणि त्या आगीची धग मुंबईच्या चाळीत कशी पोचवायची हे या तिघांना कळत होते. अण्णाभाऊंनी स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला. विचार करा, वाटेगावच्या माणसाने कधी न पाहिलेल्या व्होल्गाकाठच्या शहराचा पोवाडा गिरणगावात गायला आणि गिरणी कामगार तो ऐकत उभे राहिले. बंगालच्या दुष्काळावरही त्यांचा पोवाडा आहे. १९४३ सालच्या त्या दुष्काळात लाखो माणसे भुकेने मेली, आणि पाऊस अगदीच दगा देऊन गेला होता असेही नव्हते. तांदूळ युद्धाच्या बाजारात महाग होऊन माणसाच्या हाताबाहेर गेला होता. युद्ध म्हणजे तोफाच नव्हेत, युद्ध म्हणजे रिकामी चूलही, हे त्या पोवाड्याने इथल्या माणसाला सांगितले.

अमर शेखांचा आवाज माइकशिवाय मैदानभर जाई असे ऐकणारे सांगत. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्या आवाजाने सभा उभ्या केल्या. आचार्य अत्र्यांनी त्यांना महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हटले. १९६२ साली चीनने हल्ला केला तेव्हा कम्युनिस्ट चळवळीत वाढलेल्या या शाहिराने हिमालयाच्या रक्षणाचे गाणे लिहिले आणि ते गावोगाव गायले. मुसलमानाच्या देशप्रेमाचा दाखला मागण्याची सवय असणाऱ्यांसाठी आम्ही हे लिहीत नाही. त्यांना दाखले पुरत नाहीत. लिहितो ते अशासाठी की आपल्या घरातल्या मुलांना अमर शेख माहीत नसतात. ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे त्यांचे कवितासंग्रह आहेत, ‘पहिला बळी’ हे नाटक आहे. २९ ऑगस्ट १९६९ रोजी इंदापूरजवळ मोटार अपघातात ते गेले. त्यांच्या कन्या मल्लिका अमर शेख यांनी मराठी कवितेत आणि आत्मकथनात स्वतःची वाट काढली. मुनेरबीच्या ओव्यांचा धागा नातीपर्यंत असा आला.

मराठी साहित्य परक्याच्या दुःखालाही थारा देऊ शकते, याचे आणखी एक उदाहरण. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ ही छोटी कादंबरी १९३९ साली, महायुद्धाच्या तोंडावर आली. युरोपातून मुंबईकडे निघालेले जहाज, त्यावर हिटलरच्या जर्मनीतून हाकलले गेलेले यहुदी, आणि त्यांतली हेर्टा ही तरुणी. ज्यांना कुठलाच देश घेत नाही अशी माणसे. गाझाच्या बातम्या पाहताना ही कादंबरी पुन्हा वाचावी असे आम्हाला वाटले आणि वाचलीही. तेव्हा निर्वासित कोण होते, आज कोण आहेत, हे लक्षात ठेवून वाचली तर ती जास्तच बोचते.

हेर्टासाठी मराठी वाचक १९३९ पासून हळहळतो आहे. मग स्वतःच्या अंगणातल्या दुःखाचे काय?

कुरुंदा तेव्हा निजामाच्या राज्यातल्या परभणी जिल्ह्यात होते. १९४८ च्या सप्टेंबरात नरहर कुरुंदकर सोळा वर्षांचे होते. त्या सप्टेंबरला मराठवाड्यात दोन नावे आहेत. शाळेत, भाषणांत, सरकारी कागदावर तो मुक्तिसंग्राम. आपल्या घरात मात्र म्हातारी माणसे त्याला ‘पुलिस ॲक्शन’ म्हणत. वयाचा हिशेबही त्यावरच. पुलिस ॲक्शन के बखत मैं इत्ती थी, असे म्हणून हात जमिनीपासून दोन फुटांवर धरायचा. पुढे काही नाही.

जे घडले ते सगळे सांगितले पाहिजे आणि क्रमाने सांगितले पाहिजे. लातूरचा वकील कासिम रझवी याच्या रझाकारांनी त्या वर्षी खेडोपाडी धुमाकूळ घातला. गावे लुटली, जाळली, हजारो हिंदू कुटुंबे हद्दीपलीकडे पळाली. वसमतच्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे ते बहिर्जी शिंदे त्या लढ्यातलेच हुतात्मा. भारतात विलीन व्हा असे लिहिणारा ‘इमरोज’चा तरुण संपादक शोएबुल्लाह खान याला २२ ऑगस्ट १९४८ च्या सुमारास हैदराबादेत रस्त्यावर ठार केले गेले. तो मुसलमान होता आणि मारणारे मुसलमानांच्या नावाने राजकारण करणारे होते. हे आपण आपल्या मुलांना सांगतो का?

१३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या, १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. आणि त्यानंतरच्या आठवड्यांत ज्यांनी रझाकारांचा कधी डेरा पाहिला नव्हता अशा खेड्यातल्या मुसलमानांवर सूड उगवला गेला. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांचे शिष्टमंडळ सरकारने नोव्हेंबरअखेर पाठवले. त्यांनी संस्थानातल्या १६ पैकी ९ जिल्हे पाहिले, १०९ गावांतल्या पाचशेहून अधिक लोकांशी बोलले. मृतांचा त्यांचा सावध अंदाज २७ हजार ते ४० हजार आहे. सर्वाधिक हानी उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या जिल्ह्यांत. नांदेड म्हणजे कुरुंद्याच्या शेजारचा जिल्हा. हा अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही.

मुक्तिसंग्रामावर मराठीत पुस्तके आहेत, आठवणी आहेत, पोवाडे आहेत, आणि ते असायलाच हवेत. अनंत भालेरावांचे ‘पेटलेले दिवस’ वाचल्याशिवाय मराठवाडा कळत नाही. कुरुंदकरांचे लेखही ‘हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन’ या नावाने पुस्तकरूपात आहेत. दुसऱ्या बाजूच्या दुःखावर उर्दूत थोडेफार लिहिले गेले. पण मराठीत? त्या विहिरींवर, त्या रात्रींवर, परत न आलेल्या त्या मामा-चाचांवर ओवी आम्ही तरी ऐकलेली नाही. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून आपल्या लेखकांनी तलाक, गरिबी, दंगली, बेकारी यांवर पुष्कळ लिहिले. १९४८ मात्र पुष्कळसे कोरेच राहिले.

का राहिले याची कारणे सांगता येतात. बोलले तर रझाकारांची बाजू घेतली असे म्हणतील ही भीती पहिली. गावात त्याच शेजाऱ्यांबरोबर राहायचे होते. ज्याने घर जाळले त्याच्याच शेतात मजुरीला जायचे होते, आणि ज्याने कणगीत लपवून जीव वाचवला तोही त्याच गल्लीत होता. भाषेचाही प्रश्न होता. कचेरीची उर्दू एका रात्रीत गेली, मराठी अजून हाताला लागली नव्हती, आणि घरातली दखनी ही लिहिण्याची भाषा आहे असे कोणी मानतच नव्हते. कर्बलेच्या दुःखाला मर्सिया मिळाला, दहा दिवस मिळाले, सोबत रडणारे मिळाले. या दुःखाला ना चाल मिळाली, ना दिवस, ना माणसे. रिचर्ड्सच्या भाषेत सांगायचे तर जवळ जाण्याची ओढ दाबली गेली आणि नुसती पळण्याची उरली. मग घरात त्याचे काय होते ते आपण पाहतोच. आजी फौजी बूट पाहून दचकते, नातवाला कारण कळत नाही. कोणी तरी व्हॉट्सॲपवर अर्धवट माहितीचा संदेश पाठवतो आणि त्या नातवाच्या डोक्यात दुःखाऐवजी नुसता राग भरतो.

सुंदरलाल अहवालात केवळ मारल्याच्या नोंदी नाहीत. पुष्कळ हिंदूंनी जीव धोक्यात घालून मुसलमान शेजारी वाचवले, हेही त्यात लिहिले आहे. एकाच धंद्यातल्या माणसांत ही आपुलकी विशेष दिसली. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांचा बचाव केला आणि त्यापायी काहींनी प्राणही गमावले. पळवून नेलेल्या बायका परत मिळवून देण्यात हिंदूंनी मदत केली. अमर शेख आणि अण्णाभाऊंना हे विणकर कळले असते तर केवढा पोवाडा झाला असता!

वाचक भगिनींनो, १९४८ साली आठ-दहा वर्षांची असलेली मुलगी आज पंच्याऐंशीच्या पुढे आहे. तुमच्या घरात, मोहल्ल्यात, माहेरच्या गावी अशी एखादी नानी असेल तर तिच्याजवळ बसा. ‘तब क्या हुआ था’ असे एकदम विचारू नका. ती ‘कुछ नै हुआ’ म्हणेल आणि पान लावत बसेल. जाते कुठे होते, दळताना काय म्हणायच्या, मोहर्रमला सवारी कोणाच्या घरून निघायची, त्या वर्षी ईद कुठे केली, असे विचारा. गाणे आठवले तर आधी गाणे घ्या, गोष्ट त्याच्या मागून येते. मोबाइलवर आवाज उतरवून घ्यायला हरकत नाही, पण तिला विचारून, आणि ती थांब म्हणाली की थांबायचे. तिची दखनी शुद्ध उर्दूत किंवा पुस्तकी मराठीत सुधारू नका. ‘नक्को’ म्हणाली तर ‘नक्को’च लिहा. ज्याने मारले त्याचे नाव तिने घेतले तर ते घरातच ठेवा, कारण त्याचे नातवंड तुमच्या मुलाच्या वर्गात असेल. ज्याने वाचवले त्याचे नाव, गाव, आळी, जात, धंदा मात्र विचारून विचारून लिहून घ्या आणि त्याचे कुटुंब अजून गावात असेल तर नानीला एकदा त्यांच्या ओट्यावर नेऊन बसवा.